चित्र काढता येत नाही. संगणक कला आणि रचनेचा पहिला अभ्यासक्रम झेपेल का?

प्रश्न असा आहे: कॉलेजच्या पहिल्या वर्षात ‘संगणक कला आणि रचना’ हा प्राथमिक विषय घेतलाय, पण हात चित्रकाराचा नाही, साधा माणूसही धड काढता येत नाही. वर्ग सुरू होण्याआधी कोणतं सॉफ्टवेअर शिकून ठेवावं? आणि चार शब्द टाकले की एआय चित्र तयार करून देत असताना हे सगळं शिकण्यात वेळ घालवावा का?

मी छापील आणि पडद्यावरची रचना करते, आणि हाच विषय पहिल्या वर्षाला शिकवतेही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

चित्रकलेची भीती आधी बाजूला करू. संगणकावर चित्रं करणाऱ्या पहिल्या पिढीत बरेच जण चित्रकार नव्हतेच. १९६५ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला गेओर्ग नेस आणि फ्रीडर नाके यांनी प्लॉटरवर (संगणकाच्या हुकमावर पेन चालवणारं यंत्र) काढलेली चित्रं लोकांसमोर मांडली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत मायकेल नोल आणि बेला युलेश यांची कामं लागली. नेस आणि नाके गणिताचे, नोल बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतला अभियंता. दुसऱ्या टोकाला व्हेरा मोल्नार. ती रीतसर शिकलेली चित्रकार, १९६८ मध्ये संगणकाकडे वळली. पण त्याआधी कितीतरी वर्षं ती स्वतःच नियम आखून, यंत्र असल्यासारखी ते पाळत, कागदावर चित्रं करत होती. म्हणजे या क्षेत्राला पहिल्या दिवसापासून दोन दारं आहेत आणि दोन्हींतून आलेली माणसं टिकली आहेत.

तुम्हाला जेवढं रेखाटन लागेल ते इतकंच: वहीत अंगठ्याएवढ्या चौकटी आखायच्या आणि त्यांत ठोकळे, रेघा, गोल टाकून मांडणी सुचेल तशी खरडायची. माणसाच्या जागी उभा ठोकळा चालतो, मजकुराच्या जागी चार आडव्या रेघा चालतात. एका पानावर वीस चौकटी भरायला जमलं की पुरे. वर्गात ज्यांचा हात चांगला असतो त्यांना हे उलट जड जातं, कारण पहिल्याच चौकटीत ती मुलं डोळ्यांच्या पापण्या काढत बसतात.

आता मूळ मुद्दा. हा विषय म्हणजे सॉफ्टवेअरचा क्लास, असं बहुतेक जण धरून येतात. कागदावर काम करताना प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते: रंग वाळतो, कागद खराब होतो, खोडलेलं दिसत राहतं. संगणकावर काही संपत नाही, काही बिघडत नाही. एक बटण दाबलं की मागे जाता येतं, एक कळ दाबली की दहा प्रती होतात. त्यामुळे ‘हे कसं करू’ यापेक्षा ‘यातलं ठेवू काय’ हा प्रश्न मोठा होऊन बसतो. लाखो रंग, हजारो फाँट, शेकडो इफेक्ट समोर असले की नवखा माणूस सगळ्यांतलं थोडं थोडं घेतो, आणि जे तयार होतं ते कुणाचंच नसतं. म्हणून चांगला प्राथमिक अभ्यासक्रम सुरुवातीला मुद्दाम हात बांधतो. रंग नाही, फोटो नाही, सावल्या नाहीत. मुलं वैतागतात. तुम्हीही वैतागाल, ते ठीकच आहे.

अशी एक असाइनमेंट जवळून बघा. ती जुनी आहे, अनेक ठिकाणी वेगवेगळ्या रूपांत दिली जाते. पांढरी चौकोनी चौकट, आत एकाच मापाचे चार काळे चौरस. त्यांतून एकेक शब्द दाखवायचा: दाटी, शिस्त, एकटेपणा, पडणं. चौरस हलवता येतात, फिरवता येतात, चौकटीच्या कडेला कापता येतात. बाकी काही नाही.

‘पडणं’ दाखवायला वर्गातली निम्मी मुलं चार चौरस तिरके, वरून खाली, एका ओळीत लावतात. दिसतात पायऱ्या. त्या चढायच्या की उतरायच्या तेही कळत नाही. मग कुणीतरी चारही चौरस वेगवेगळ्या कोनांत फिरवतं. ते पडल्यासारखे नाही, विखुरल्यासारखे दिसतात. जमतं तेव्हा बहुतेक वेळा असं झालेलं असतं: तीन चौरस वरच्या बाजूला सरळ, सारख्या अंतरावर, एका रांगेत, चौथ्याची रांगेतली जागा रिकामी, आणि तो चौथा खाली, थोडा कललेला, चौकटीच्या खालच्या कडेने अर्धवट कापलेला. आता डोळा आपोआप रांगेवरून रिकाम्या जागेवर आणि तिथून खाली जातो. पडणं त्या एका चौरसात नसून उरलेल्या तिघांच्या सरळपणात आहे. त्यातला एक जरी कलला तर परिणाम विरघळतो. हे एकदा डोळ्यांना कळलं की पोस्टरवर एकच शब्द मोठा का ठेवायचा, पानावर एकच रंग का भडक ठेवायचा, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गेओर्ग नेसचं १९६८ च्या सुमाराचं ‘शॉटर’ हे चित्र म्हणजे याच गोष्टीचा मोठा अवतार. एका ओळीत १२ चौरस, अशा २२ ओळी. वरची ओळ जवळजवळ सरळ. खाली येता येता प्रत्येक चौरस जरा जास्त हलतो, जरा जास्त फिरतो, आणि तळाशी नुसता ढिगारा. यामागचा नियम दोन वाक्यांत सांगता येतो: प्रत्येक चौरसाला यादृच्छिक संख्येइतका धक्का द्या; तो धक्का ओळीच्या क्रमांकासोबत वाढवत न्या. प्रोसेसिंग (केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेली भाषा) किंवा ब्राउझरमध्ये चालणारं तिचं भावंड पीफाइव्ह वापरलं, तर एकात एक दोन लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना) आणि मोजक्या ओळींत हे पडद्यावर येतं. प्रोग्रामिंग अजिबात येत नसलं तरी दोन तासांत होतं. खरी मजा नंतर आहे. धक्का किती वेगाने वाढवायचा तो एक आकडा बदलत बसा. कमी ठेवला तर छपाईची चूक वाटते. फार वाढवला तर तिसऱ्या ओळीतच गोंधळ माजतो आणि खाली बघायला काही उरत नाही. मधे कुठेतरी एक पट्टा आहे जिथे चित्र श्वास घेतं. तो पट्टा शोधणं हे तुमचं काम, बाकी यंत्राचं.

सॉफ्टवेअरचं आता. एक पिक्सेलवर, म्हणजे रंगीत ठिपक्यांवर, चालणारं आणि एक व्हेक्टरचं, म्हणजे बिंदू आणि वळणं गणिताने लक्षात ठेवणारं, एवढं पहिल्या सत्राला पुरतं. कॉलेजच्या लॅबमध्ये जे असेल ते घ्या. बहुधा फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर असतील. घरी फुकटचं हवं असेल तर पिक्सेलसाठी गिंप किंवा क्रिता, आणि व्हेक्टरसाठी इंकस्केप. नावांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. बटणांच्या जागा दर दोन वर्षांनी बदलतात. लेयर, मास्क (भाग झाकणारा पडदा), पाथ (बिंदू जोडून केलेली रेघ) या कल्पना मात्र सगळीकडे त्याच आहेत, त्या पक्क्या करा. त्यातही मास्क. नको असलेला भाग खोडण्याऐवजी झाकायला शिका. पुढच्या आठवड्यात मत बदललं तर परत उघडता येतो.

पिक्सेल आणि व्हेक्टर यांतला फरक व्याख्येपुरता सगळ्यांना पाठ असतो, पण सबमिशनच्या दिवशी निम्मी कामं त्याच ठिकाणी मार खातात. ए-फोर कागद, इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने, २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचा होतो. म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांचे प्रत्येकी २५६ स्तर. आता इंटरनेटवरून ६०० पिक्सेल रुंदीचं चित्र उचललंत आणि त्या पानावर कडेपासून कडेपर्यंत ताणलंत, तर इंचाला जेमतेम ७२ पिक्सेल पडतात. पडद्यावर ते छान दिसतं, छापल्यावर भुरकट. मग कुणीतरी डायलॉग बॉक्स उघडून ७२ च्या जागी ३०० लिहितं आणि समाधानाने सेव्ह करतं. रिसॅम्पल (ठिपक्यांची संख्या बदलायचा पर्याय) चालू असेल तर प्रोग्राम मधले ठिपके अंदाजाने भरतो. बंद असेल तर ठिपके तेवढेच राहतात आणि चित्राचं छापील माप लहान होतं. नवा तपशील दोन्हींत कुठूनच येत नाही. तेव्हा कामाला हात घालण्याआधी छापील माप ठरवा आणि त्या मापाला पुरेल असं मूळ चित्र हाताशी आहे का, ते बघा. आणि चालू कामाची फाइल जेपेगमध्ये ठेवू नका. बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडा तपशील जातो. काम मूळ स्वरूपात ठेवा, जेपेग फक्त पाठवायला.

पेन टूलची, म्हणजे बिंदू टोचून वळणदार रेघ काढायच्या साधनाची, सगळ्यांना धास्ती असते. त्यामागचं गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं आहे: रेनोमध्ये पिएर बेझिए, सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो, दोघांनाही गाडीच्या पत्र्याचा वळसा आकड्यांत पकडायचा होता. नवखा विद्यार्थी पानाचा आकार गिरवताना कडेने तीस-चाळीस बिंदू टोचत जातो आणि कड चघळल्यासारखी दिसते. तेच पान चार-पाच बिंदूंत होतं. एक बिंदू देठाशी, एक टोकाशी, आणि दोन्ही बाजूंना जिथे पान सर्वांत रुंद आहे तिथे एकेक. उरलेलं वळण हँडल, म्हणजे बिंदूला जोडलेली दांडी, ओढून. अख्खं वर्तुळ चार बिंदूंत काढतात आणि त्यातली त्रुटी ०.०३ टक्क्यांहून कमी असते. डोळ्यांना ती दिसूच शकत नाही. दोरी किती खुंट्यांना अडकवली यापेक्षा खुंट्या कुठे ठोकल्या यावर ताण ठरतो, तसंच हे. सरावाला एक अक्षर घ्या, मोठ्ठं करून फोटो लावा आणि कमीत कमी बिंदूंत गिरवा. ‘श’ किंवा ‘ह’ घेतलात तर संध्याकाळ जाईल, पण हात बसेल.

मर्यादेत काम करण्याचा सर्वांत सुंदर नमुना हवा असेल तर ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हं शोधून बघा. सुझन केअरने ती ३२ गुणिले ३२ चौकटींत बसवली. एकूण १०२४ घरं, प्रत्येक घर काळं किंवा पांढरं, मधला राखाडी रंगसुद्धा नाही. सुरुवातीला ती आलेखाच्या वहीत घरं भरूनच काम करत होती. तुम्हीही करून बघा: आलेख कागदावर ३२ घरांचा चौकोन आखा आणि ‘पाठवणं’ हे क्रियापद त्यात बसवा. तिरकी रेघ घरांच्या पायऱ्या कशी करते, आणि एक घर इकडचं तिकडे केलं की पाखराचा दगड कसा होतो, हे एकदा हाताने अनुभवायला हवं.

रंगावर स्वतंत्र वर्ष घालता येईल, म्हणून दोनच गोष्टी. पहिली, योसेफ आल्बर्स हा चित्रकार-शिक्षक विद्यार्थ्यांना देत असे ती: एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन रंग वाटायला लावायचा. पडद्यावर करायला पाच मिनिटं पुरतात. मधला राखाडी चौरस एकदा गडद, एकदा फिकट पार्श्वभूमीवर ठेवा. दोन्ही एकच आहेत यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलून त्याचे आकडे दाखवणारं साधन) तपासून घ्या. दुसरी, रंगाच्या नावापेक्षा त्याचा उजळपणा आधी बघा. एचएसएल (रंगछटा, गडदपणा, उजळपणा) स्लायडरवर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांचाही उजळपणा ५० टक्के दाखवतो. प्रत्यक्षात पडद्यावरच्या पिवळ्याची प्रकाशमानता निळ्याच्या सुमारे १३ पट असते. त्या ५० टक्क्यांवर भरवसा ठेवून पांढऱ्यावर पिवळा मजकूर टाकणारे दर वर्षी भेटतात. काम अधूनमधून कृष्णधवल करून पाहायची सवय लावा. राखाडीत वाचता येत नसेल तर रंगांत वाचता येतंय हा भ्रम आहे. वेबवरच्या साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा, असा सुलभतेचा नियमच आहे, आणि तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. छापायचं असेल तर पडद्यावरचे झळझळीत हिरवे-निळे शाईत उतरत नाहीत, हेही आधीच माहीत असू द्या.

अक्षरांबद्दल माझं मत जरा कडक आहे: पहिलं सत्र एकाच फाँट-कुटुंबावर काढा. जाड-बारीक, लहान-मोठं आणि रिकामी जागा एवढ्यावर काय काय होतं ते बघा. देवनागरीत काम करणार असाल तर दोन खबरदाऱ्या. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की बऱ्याच फाँटांत शिरोरेषा तुटते, तेव्हा शीर्षक ‘मोकळं’ करायला तो मार्ग वापरू नका. आणि ओळींमधलं अंतर प्रोग्रामने आपोआप दिलेलं ठेवू नका. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत शिरतात.

आता एआय. मी ते वापरते. कंटाळवाणी कामं (पार्श्वभूमी वाढवणं, फोटोत आलेली तार पुसणं) त्याने हलकी झाली आहेत. पण वर सांगितलेली चार चौरसांची असाइनमेंट त्याला देऊन बघा. चित्र येईल, कदाचित बरंही येईल. मग सांगा, ‘तिसरा चौरस केसभर खाली घे, बाकी काही हलवू नकोस.’ पुष्कळदा दुसरंच चित्र हातात पडतं. आणि ते पडलं नाही, अगदी सांगितलं तसं झालं, तरी ‘केसभर खाली’ हे सुचायला तुमचा डोळा आधी तयार लागतो. हॅरल्ड कोहेन या चित्रकाराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘आरन’ नावाचा चित्रं काढणारा प्रोग्राम रचायला घेतला आणि पुढे आयुष्यभर त्यावर काम केलं. त्यातला नियम न् नियम त्याने स्वतः ठरवला होता. त्याच्या आणि चार शब्द टाकून मिळणाऱ्या चित्राच्या मधे जी जागा आहे, तीत हा अख्खा अभ्यासक्रम बसतो.

व्यवहारात मात्र सांभाळा. तुमच्या शिक्षकांचा याबाबतचा नियम पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, आणि वापरलंत तर सांगा. लपवलेलं उघड पडतं ते क्रिटमध्ये, म्हणजे सगळ्यांची कामं भिंतीवर लावून चर्चा होते तेव्हा. ‘ही मोकळी जागा इथे का?’ असा साधा प्रश्न आला की ज्याने ती जागा ठेवलेलीच नाही त्याला काही बोलता येत नाही. लेयर असलेली फाइल आणि वहीतल्या चौकटी मागितल्या की मग बोलायचं आणखी अवघड होतं.

क्रिटची धडकी मार्कांपेक्षा मोठी असते म्हणून एवढं सांगते. स्वतःचं काम लावल्यावर लगेच खुलासा करू नका. मिनिटभर लोकांना नुसतं बघू द्या. तुम्ही आधीच बोललात तर ते तुमचे शब्द बघतात, काम नाही. दुसऱ्याच्या कामावर ‘छान आहे’ म्हणू नका, ‘मला नाही आवडलं’ही नको. नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि कुठे अडकली, एवढंच सांगा. समोरच्याला तेच हवं असतं आणि कुणी ते सांगत नाही.

राहता राहिलं सामान. चित्र काढायचा टॅब्लेट पहिल्या सत्रासाठी घेऊ नका. वरची सगळी कामं माऊसवर होतात, पेन टूल तर माऊसवरच बरं चालतं. साध्या लॅपटॉपला दोन कळींचा माऊस जोडा आणि बॅकअपसाठी वेगळी ड्राइव्ह ठेवा. पुढे डिजिटल पेंटिंग घेतलंत तर टॅब्लेट लागेल; तेव्हा दाबाच्या किती हजार पातळ्या आहेत यापेक्षा पृष्ठभाग केवढा आहे आणि मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवता येतो का, ते दुकानात उभं राहून करून पाहा.